हात मोकळा आहे का

सव्वासहाला प्रयोगशाळेचं दार ओढताना
मी आता यंत्रं बंद करत नाही.
पंख्यांची घरघर आत ठेवून कुलूप लावतो,
कोंबड्या झाकून घरी जावं तसा.
दारावर मृणाली जुवाटकरचा कागद:
चालू आहेत. चालूच राहू द्या.
खाली म्हापणकर शिपायांची पेन्सिल:
लाइट बिल कोण भरणार?

मालवणात आमची एकतीस,
कुडाळला बावीस, देवगडात चौदा,
वेंगुर्ल्याच्या एका वाचनालयात एकच.
दिवसा पोरांची, रात्री कुणाचीच नाहीत.
मृणालीला तेवढंच हवं होतं, हे कुणाचंच नसणं.
कर्ली खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकतो,
दर भरतीला किती, कुठे,
हे एका यंत्राने मोजायचं तर दीड वर्ष.
तुकडे करून वाटलं तर पंधरवडा,
पण वाटायचं कुणाला, ते आधी सापडायला हवं.

पहिल्यांदा तिने वही केली.
म्हणजे मालवणातल्याच एका यंत्रात यादी:
कोण मोकळं, कोणाची मेमरी किती.
सगळ्यांनी इथे येऊन हजेरी द्यायची,
मागणाऱ्याने इथेच विचारायचं.
तीन रात्री छान चाललं.
चौथ्या रात्री तारेवर माडाची झावळ पडली.
आम्ही अंधारात, वही अंधारात.
कुडाळची बावीस जागी, देवगडची चौदा जागी,
दिवे लुकलुकत, हात रिकामे,
आणि एकालाही ठाऊक नाही
की दुसरं कुणी आहे.

शिवाय यादी खोटं बोलायची.
देवगडचं सात नंबर "मोकळं" म्हणून नोंदलेलं;
ते केव्हाच कपाटामागे, उंदराने वायर खाल्लेलं.
त्याच्याकडे वाळूचे बाराशे कण पाठवले.
अजून तिथेच असतील.

तिचा बाप रुपाजी. जन्मात कसली यादी केली नाही.
एका रविवारी बांगडा मरणाचा लागला, बर्फ अर्धाच.
वायरलेस तोंडाशी धरून:
"बर्फ आसा काय रे कोणाकडे?"
आचऱ्याचा कुणी: "माझ्याकडे नाय, निवतीक इचार."
निवती: "भोगव्याक इचारून सांगतंय."
मग नुसती खरखर,
मग एक अनोळखी आवाज: "चार लाद्या आसत. ये."
मृणाली तेव्हा होडीच्या कडेला ओकत होती.
त्याच क्षणी सुचलं वगैरे काही नाही, म्हणते.
सुचलं मंगळवारी, एसटीत, कट्ट्याच्या थांब्यावर,
सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद चालू असताना.

आता वही नाही.
प्रत्येकाला चार-पाच शेजारी माहीत, तेवढेच.
काम जड झालं की शेजाऱ्याला विचारायचं,
त्याला सवड नसेल तर तो त्याच्या शेजाऱ्याला.
सात उंबरे ओलांडले की प्रश्न मरतो,
नाहीतर किनाराभर प्रश्नच फिरत राहायचे
आणि उत्तराला तारेत जागा उरायची नाही.
कोणी तीनदा गप्प राहिलं की नाव पुसायचं.
सुतक नाही.

एका रात्री मी थांबलो बघायला.
शेवटचा तुकडा कुणी घेईना.
कुडाळ भरलेलं, देवगड भरलेलं,
प्रश्न सहाव्या उंबऱ्यावर.
तीनला दहा कमी असताना वेंगुर्ल्याहून होकार आला,
वाचनालयातलं ते, एका पात्याच्या पंख्याचं,
ज्यावर दिवसा वर्गणीच्या पावत्या छापतात.
ते सकाळी नऊपर्यंत वाळू मोजत बसलं.

पंधरवड्याने उत्तर आलं:
वाट दक्षिणेला अकरा वाव सरकणार.
मृणालीने जेवताना बापाला सांगितलं.
"ह्यां माका आयतवारीच कळलां," तो म्हणाला,
"बूड घासला तेव्हा."
तिखल्याचा काटा बाजूला काढला. बराच वेळ गप्प.
मग: "आणि त्या वेंगुर्ल्याच्या मशीनीक
कोण सांगतलो गो, काम संपलां म्हणान?"

तिचा घास हातातच राहिला.
ते तिने लिहिलंच नव्हतं.